एप्रिलमध्ये वाहणारं पावसाळी गटार

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. सोसायटीच्या मागच्या बाजूला पोरांचं क्रिकेट चालू होतं आणि चेंडू पावसाळी गटारात गेला. जाळी सरकवून एकाने हात घातला. चेंडू निघाला तो फेसाने माखलेला. "काकू, वास घ्या ना, मस्त येतोय," म्हणून त्याने तो माझ्या नाकाशी धरला. लव्हेंडर!

पाऊस जाऊन सहा महिने झाले होते. गच्चीवरचं आणि अंगणातलं पावसाचं पाणी वाहून न्यायला बांधलेलं गटार भर उन्हाळ्यात वाहत होतं, त्याला कपडे धुवायच्या लिक्विडचा वास येत होता, आणि यात काही वावगं आहे असं कुणाच्याच मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी शाळेत वीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे आणि त्या जाळीवरून रोज भाजी आणायला जाते.

मुंबईच्या पोटात पाण्याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. एक मलनिस्सारणाची. संडास-बाथरूम-मोरीचं पाणी तिच्यातून प्रक्रिया केंद्राकडे जातं. दुसरी पर्जन्यजलाची. तिच्यातलं पाणी काहीही प्रक्रिया न होता थेट नाल्यात आणि तिथून नदी, खाडी, समुद्र किंवा तळं, जे जवळ असेल त्यात जातं. पाऊस स्वच्छच असतो, त्याच्यावर कसली प्रक्रिया करायची, असा त्यामागचा हिशेब. तो चुकीचाही नाही. घोळ होतो बाल्कनीत. बाल्कनी बंद करून आपण तिथे वॉशिंग मशीन बसवतो. प्लंबर मशीनचा पाइप सर्वांत जवळच्या उभ्या पाइपात खुपसतो, आणि बाल्कनीच्या सर्वांत जवळ असतो तो गच्चीवरून खाली आलेला पावसाच्या पाण्याचा पाइप. झालं, त्या घरातला साबण तळ्याच्या वाटेला लागला.

आमचा नालाही पुढे एका छोट्या तळ्याला मिळतो. तळ्याच्या काठावर पाटी आहे: 'तलावात कचरा टाकू नये'. पाटी खोटं बोलत नाही, पण ती भलत्याच माणसाशी बोलते आहे. वेफर्सचं पाकीट टाकणारा तिला दिसतो. तळ्याचं खरं नुकसान करणारा माणूस मात्र कधी तळ्यावर आलेलाच नसतो. तो सहाव्या मजल्यावर मशीनचं बटण दाबत असतो.

तळ्याला नेमकं काय होतं ते बघू. पाण्यातल्या शेवाळाला वाढायला ऊन, कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. ऊन आपल्याकडे उदंड. कार्बन आणि नायट्रोजन हवेतूनही मिळू शकतात. फॉस्फरस मात्र हवेतून येत नाही, म्हणून गोड्या पाण्यात वाढीला लगाम असतो तो बहुधा फॉस्फरसच्या तुटवड्याचा. लगाम सुटला की काय होतं? साधारण हिशेब असा, की १ किलो फॉस्फरसवर ५०० किलो ओलं शेवाळ पोसलं जाऊ शकतं. एका माणसाच्या शरीरातून रोज दीड ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस बाहेर पडतो, त्यातला बराचसा लघवीवाटे. त्यात काही डिटर्जंटमधल्या फॉस्फेटची भर. नाल्याकाठच्या वस्तीला मलवाहिनीच नसेल तर हे सगळं सरळ तळ्यात येतं. तिथे दोष वस्तीचा नसतो, नळजोडणी देऊन मलजोडणी न देण्याचा असतो.

फॉस्फरसचा हा गुन्हा शाबित झाला तो कॅनडात. १९७० च्या आसपास साबण कंपन्या म्हणत होत्या की दोष आमच्या फॉस्फेटचा नाही, कार्बनचा आहे. डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने ओंटारिओ प्रांतातलं '२२६' क्रमांकाचं एक सरोवर निवडलं. दोन तळी एका चिंचोळ्या गळ्याने जोडावीत तसा त्याचा आकार. १९७३ मध्ये त्याने त्या गळ्यात प्लास्टिकचा पडदा लावला. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन सोडला, फॉस्फरस फक्त एकाच भागात. तो भाग हिरवागार झाला आणि दुसरा होता तसा राहिला. विमानातून काढलेला फोटो आजही पाहावा: एकच सरोवर, अर्धं काळंभोर आणि अर्धं पोपटी. तो फोटो समजायला पदवी लागत नव्हती.

शेवाळ वाढलं तर बिघडलं कुठे, ते तर प्राणवायूच सोडतं ना, असा प्रश्न वर्गात हमखास यायचा. दिवसा सोडतं, पण रात्री तेही श्वास घेतं. शिवाय मेलेलं शेवाळ तळाशी जाऊन कुजतं आणि ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू पिऊन टाकतात. म्हणून तळ्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो पहाटे, ऊन यायच्या आधी. तुम्ही तळ्याकाठी फिरायला जात असाल तर उन्हं यायच्या आत जाऊन बघा. मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत असतील, तर ते तुमच्या कुरमुऱ्यांची वाट पाहत नाहीत, गुदमरताहेत. (आणि हो, ते कुरमुरे आणि पावाचे तुकडेही पाण्यात कुजतातच. पुण्य लागत असेल, पण मासे त्याची किंमत मोजतात.)

वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावात सर्वपित्री अमावास्येला लोक पितरांसाठी पिंड, दूध, फुलं सोडतात, आणि त्यानंतर मेलेले मासे तरंगल्याची बातमी अनेकदा येते. लोक म्हणतात, कुणीतरी विष कालवलं असणार. विष कशाला हवं? ३० अंश तापमानाला १ लीटर पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, आणि १ लीटर दूध पाण्यात कुजायला सुमारे १ लाख मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. भागाकार करा. आपल्या सोसायटीत येतो तो १० हजार लिटरचा टँकर घ्या. त्यातला सगळा प्राणवायू संपवायला दुधाची एक पिशवीसुद्धा पुरी लागणार नाही, जर ती १ लिटरची असेल. पिंडाचा भात, तीळ, पीठ, फुलं यांचा हिशेब वेगळाच. सांडपाण्यापेक्षा दूध कैक पटींनी 'घाण' आहे हे वाक्य मी एकदा हळदीकुंकवाला बोलले. परत बोलावणं आलं नाही.

पवईचं उदाहरण घेऊ, कारण ते मोठं आहे आणि त्याच्या शेजारीच तुलना करायची सोय आहे. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. हे दोन्ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत आणि मुंबई आजही त्यांचं पाणी पिते. पवई तलाव १८९० चा, ५४५ कोटी लिटरचा, विहारच्या लगतच खाली. डोंगर तेच, पाऊस तोच, आणि भरून वाहिल्यावर विहार आणि पवई दोघांचंही पाणी मिठी नदीलाच मिळतं. तरी पवईचं पाणी पिण्यालायक नाही, ते उद्योगांसाठी दिलं जातं. पिण्यासाठी ते फार पूर्वीच बाद ठरलं होतं, त्यामुळे सगळं खापर आजच्या टॉवरांवर फोडता येणार नाही. पण फरक पाण्यात नाही, पाणलोटात आहे. विहारच्या भोवती झाडं आहेत आणि पवईच्या भोवती आपण.

पवईवर जलपर्णीचं रान माजलं की मशीन येतात, डंपर भरतात, फोटो निघतात. काढायला हवीच, ती ऊन अडवते, पाण्यावर झाकण घालते. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती, कोल्हापूर-सांगलीकडे जिला केंदाळ म्हणतात, पोषक पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट पसरू शकते. आज निम्मा तलाव रिकामा केला, तर दोन आठवड्यांनी काय होईल याचं त्रैराशिक पाचवीतला मुलगा मांडेल. ताप आलेल्या माणसाचं कपाळ पुसत बसण्यासारखं आहे हे. एक गोष्ट मात्र जलपर्णीच्या बाजूने सांगते: तिने पाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस अंगात साठवलेला असतो, म्हणून उपटलेला ढीग काठावरच कुजत ठेवला तर सगळी कमाई परत पाण्यात.

गणपतीचंही तसंच. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात सहजी विरघळत नाही, तिचा थर तळाशी बसतो, रंगांतले जड धातू वेगळे. कृत्रिम तलाव झाले हे उत्तमच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने घरच्या घरी बादलीत अमोनियम बायकार्बोनेट वापरून अशी मूर्ती विरघळवण्याची पद्धत दिली. तिच्यातून उरणारं पाणी खत म्हणून झाडांना चालतं. पण विसर्जनाचे दिवस वर्षात दहा-अकरा, आणि नाला ३६५ दिवस वाहतो. आपला सगळा उपदेश त्या दहा दिवसांवर खर्च होतो, कारण मूर्ती दिसते आणि पाइप दिसत नाही.

दिसणं हाच खरा मुद्दा आहे, आणि त्यावरची माझी आवडती गोष्ट अमेरिकेतल्या सिएटलची. शहराला लागून वॉशिंग्टन सरोवर. काठच्या गावांचं सांडपाणी प्रक्रिया होऊन त्यात सोडलं जायचं. प्रक्रिया होऊन, बरं का! नेहमीच्या प्रक्रियेत कुजणारी घाण जाते, फॉस्फरस बराचसा तसाच राहतो. १९५५ मध्ये तिथे ऑसिलेटोरिया नावाचं तांबूस सूक्ष्म शेवाळ सापडलं. हेच शेवाळ स्वित्झर्लंडमधल्या झुरिक सरोवरात आधी आलं होतं आणि मागून ते सरोवर बिघडलं होतं, हे टॉमी एडमंडसन या प्राध्यापकाला ठाऊक होतं. पाणी अजून बरं दिसत होतं तेव्हाच त्याने सांगितलं की पुढे काय होणार. नुसता शोधनिबंध लिहून तो थांबला नाही. शहरासाठी काम करणाऱ्या नागरिकांच्या समितीला त्याने साध्या भाषेत लिहून दिलं: सांडपाणी चालू राहिलं तर असं होईल, थांबवलं तर तसं. १९५८ च्या मार्चमध्ये लोकांनी मतदानात सांडपाणी सरोवरापासून वळवण्याची योजना फेटाळली. खर्च कोण करणार? उन्हाळ्यात सरोवराला वास सुटला. सप्टेंबरमध्ये पुन्हा मतदान झालं आणि योजना मंजूर झाली. १९६३ ते १९६८ या काळात सगळं सांडपाणी वळवलं गेलं. जेमतेम मीटरभर नजर जायची ते पाणी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ३ मीटरपर्यंत दिसायला लागलं. सांडपाणी शेवटी समुद्राकडे गेलं हे खरं, त्यामुळे सगळंच नक्कल करण्यासारखं नाही. पण भाकीत आधी सांगितलं, लोकांना ते समजलं, आणि पुढे ते डोळ्यांनी पडताळता आलं.

पाण्यात नजर किती जाते हे मोजायला यंत्र लागत नाही. अँजेलो सेकी नावाचा इटालियन पाद्री होता, खगोलशास्त्रज्ञही. १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून त्याने भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडल्या आणि त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात ते नोंदलं. तळ्यांसाठी आज २० सेंटीमीटरची काळी-पांढरी तबकडी वापरतात. आम्ही ती जेवणाच्या जुन्या स्टीलच्या ताटलीची केली. मधोमध भोक, ऑइलपेंटने चार पाव भाग एकाआड एक काळे-पांढरे, खाली वजनाला जाड नट आणि वर दर १० सेंटीमीटरवर गाठ मारलेली दोरी. क्रिकेटवाली पाचही पोरं बरोबर होती. दुपारी, सावलीच्या बाजूने, रखवालदाराला सांगून आमच्या तळ्याच्या धक्क्यावरून सोडली. ताटली नाहीशी होते ती गाठ आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती गाठ, दोन्हींची सरासरी.

तिसरी गाठ भिजायच्या आत ताटली दिसेनाशी झाली.

"खाली पडली का?" सर्वांत धाकट्याने विचारलं. दोरी तर त्याच्याच हातात होती.

पाटीने जे वर्षानुवर्षं जमलं नाही ते त्या गाठीने पाच मिनिटांत केलं. पोरं तळ्यापासून नाला धरून उलट चालत निघाली. वाटेत निर्माल्याची पिशवी घेतलेल्या एक आजी भेटल्या. "अहो, फुलंच आहेत, देवाची. पाण्यातच जायला हवीत ना," त्या म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत मोठ्या पोराने त्यांना दुधाचा आणि टँकरचा हिशेब सांगितला. आजींनी पिशवी निर्माल्य कलशात टाकली, आणि मग विचारलं, "पण बाळा, तुमच्या त्या बिल्डिंगचं फेसाचं पाणी येतं त्याचं काय?"

सोसायटीच्या सभेत मी विषय काढला. प्लंबरने दोन दिवस फिरून यादी केली: तेवीस मशीन पावसाच्या पाइपात. यादीत सहावं नाव माझं होतं. खजिनदार म्हणाले, सगळेच असं करतात, आपण एकट्याने बदलून काय होणार. खर्च दर मशीनमागे सातशे-आठशे रुपये, पाइप मोरीकडे वळवायचा, भिंतीला एक भोक. 'ए' विंगने मे महिन्यात करून घेतलं. 'बी' विंग म्हणते, पावसाळ्यानंतर बघू.

'ए' विंगच्या मागची जाळी आता कोरडी असते. 'बी'च्या मागे अजून फेस येतो. पोरांनी खेळाचा नियम बदलला आहे: चेंडू 'बी'च्या जाळीत गेला तर मारणारा आउट, आणि काढायलाही त्यानेच जायचं.