आरएफ आणि सीआयएफ: गटाच्या खात्यात आलेले पैसे नेमके कोणाचे?

उमेद म्हणजेच महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान. 2011 पासून हे अभियान बचत गट, गटांचे ग्रामसंघ आणि ग्रामसंघांचे प्रभागसंघ यांच्यामार्फत चालते. या रचनेतून गटाकडे दोन प्रकारचा पैसा येतो. एक फिरता निधी, म्हणजे बैठकीत ज्याला आरएफ म्हणतात तो. दुसरा समुदाय गुंतवणूक निधी, म्हणजे सीआयएफ. दोन्ही बँकेच्या कर्जापेक्षा वेगळे, दोन्ही गटाच्या बचत खात्यात जमा होणारे आणि दोन्ही "उमेदचे पैसे" याच नावाने ओळखले जाणारे. म्हणूनच घोळ होतो. फिरता निधी गटाच्या मालकीचा असतो. समुदाय गुंतवणूक निधी मात्र ग्रामसंघाचा किंवा प्रभागसंघाचा असतो आणि गट त्यांचा कर्जदार असतो. बाकीचे सगळे फरक या मालकीतूनच निघतात.

फिरता निधी गटाला एकदाच मिळतो. त्यासाठी गट किमान तीन महिने नियमित चाललेला असावा आणि पंचसूत्री पाळत असावा. पंचसूत्री म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि व्यवस्थित लेखे. राज्यात ही रक्कम 15 हजार रुपये होती, ती 2023 मध्ये 30 हजार करण्यात आली. हा निधी शासनाला किंवा ग्रामसंघाला परत करायचा नसतो. पण सदस्य तो गटाकडून कर्ज म्हणूनच घेते आणि व्याजासह गटाला परत करते. नावातला "फिरता" याचा अर्थ तेवढाच. पैसा एकीकडून सुटला की दुसरीकडे जातो, पण गटाबाहेर जात नाही.

समुदाय गुंतवणूक निधीला आधी आराखडा लागतो. प्रत्येक सदस्येला किती रक्कम, कशासाठी आणि कधी हवी, तिचे उत्पन्न किती, हप्ता किती झेपेल, हे बैठकीत सर्वांसमोर लिहून गट आपला एमआयपी, म्हणजे सूक्ष्म गुंतवणूक आराखडा, तयार करतो. ग्रामसंघ तो तपासतो, प्राधान्य ठरवतो, करार आणि हप्तापत्रक करून रक्कम देतो. आराखडा दुसऱ्या गटाचा पाहून उतरवला असेल तर पहिल्या दोन-तीन हप्त्यांतच ते उघडे पडते. शेळीसाठी घेतलेला पैसा आजारपणात गेलेला असतो आणि हप्ता भरायला उत्पन्नच नसते.

समजा, ग्रामसंघाने गटाला 60,000 रुपये 12 हप्त्यांत, महिना 1 टक्का व्याजाने दिले. दरमहा मुद्दल 5,000 आणि व्याज उरलेल्या मुद्दलावर, म्हणजे पहिल्या महिन्यात 600, दुसऱ्यात 550. वर्षाचे व्याज 3,900 रुपये होते. गटाने तेच पैसे सदस्यांना दीड टक्क्याने, याच हप्त्यांत दिले तर व्याज 5,850 येते. मधले 1,950 रुपये गटाचे. प्रत्यक्षातले दर आणि मुदत संघाच्या सभेत ठरते, तेव्हा आपल्या ग्रामसंघाचा ठराव वाचूनच हिशेब करावा. हप्ता थकला तर त्याचा फटका शासनाला बसत नाही. तोच पैसा पुढच्या गटाला द्यायचा असतो, त्यामुळे गावातल्याच दुसऱ्या बायका थांबून राहतात. आमच्या मते ही बाब प्रशिक्षणात सर्वांत आधी सांगायला हवी.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. फिरता निधी आला की 12 सदस्यांत सारखा वाटून टाकायचा, प्रत्येकीला 2,500. वरवर हे न्याय्य दिसते. ही सवय जुनी आहे. 1999 पासून चाललेल्या सुवर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत कर्जाला अनुदान जोडलेले होते, आताच्या अभियानात भांडवली अनुदान नाही. तरी "अनुदान आलं" हाच शब्द अजून ऐकू येतो, आणि अनुदान म्हटले की वाटणी आलीच.

नुकसान कुठे होते ते बँकेत कळते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार सहा महिने सक्रिय असलेल्या गटाला पहिले कर्ज त्याच्या निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यांपैकी जास्त असेल तेवढे मिळू शकते. या निधीत बचत, अंतर्गत कर्जावरचे व्याज आणि फिरता निधी हे सगळे धरतात. दरमहा 100 रुपये भरणाऱ्या 12 जणींची आठ महिन्यांची बचत 9,600 आणि व्याज 400, असे 10,000 झाले. फिरता निधी धरून 40,000, सहापट केले की 2,40,000. निधी वाटून टाकला तर 10,000 ची सहापट फक्त 60,000 होते आणि गट दीड लाखावर अडकतो. तोच निधी सदस्यांना कर्जाऊ दिला असेल तर तो येणे म्हणून वहीत उभा राहतो आणि मोजला जातो. सीआयएफचे मात्र तसे नाही. ते देणे आहे, ते निधीत मिळवून आकडा फुगवू नये.

उलट चूकही होते. भीतीने फिरता निधी खात्यात तसाच ठेवला जातो. मग अंतर्गत कर्जवाटप दिसत नाही आणि गटाची प्रतवारी घसरते. एखादी शाखा कर्जासाठी ही रक्कम अडकवून ठेवा म्हणते, तेव्हा शांतपणे सांगावे की 10 लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण नाही, आणि बचत खात्यावर बोजा चढवण्यास किंवा ठेव मागण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

वहीत फिरता निधी गटाच्या स्वनिधीत आणि सीआयएफ कर्ज-देणे म्हणून लिहावा. सीआयएफ उत्पन्नात लिहिला की वर्षअखेर खोटा नफा दिसतो आणि त्याचीही वाटणी मागितली जाते. ग्रामसंघाने सीआयएफ देताना शुल्क किंवा बचत कापून रक्कम दिली असेल तरी कर्ज पूर्ण रकमेचेच लिहावे आणि कपातीची वेगळी पावती घ्यावी. सदस्य गट सोडून जाते तेव्हा तिला तिची बचत, गटाच्या नियमाप्रमाणे व्याज आणि त्यातून तिच्या कर्जाची वजावट, एवढाच हिशेब होतो. फिरत्या निधीत तिचा वैयक्तिक हिस्सा नसतो.

वाटणी आधीच झाली असेल तरी ती सुधारता येते. बैठकीत ठराव करून प्रत्येकीचे 2,500 रुपये तिच्या नावे कर्ज म्हणून लिहा, व्याजदर ठरवा, 250 रुपयांचे दहा हप्ते बांधा, सर्वांच्या सह्या घ्या आणि कर्ज खतावणीत व सदस्यांच्या पासबुकात नोंद करा. पहिल्या महिन्याचे 3,000 आणि वरचे व्याज जमले की ते त्याच बैठकीत ज्या सदस्येची गरज सर्वांत निकडीची आहे तिला द्या.