कुपारी (वसईचा सामवेदी कॅथलिक समाज)

वसईच्या गास, निर्मळ, नंदाखाल वगैरे गावांतला मराठी बोलणारा कॅथलिक समाज. घरात सामवेदी ऊर्फ कादोडी बोली, चर्चमध्ये मिस्सा (कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी) प्रमाण मराठीत, आणि उपजीविका पिढ्यानपिढ्या केळी, पानवेल नि फुलांच्या वाडीवर.

नावाचा घोळ मोठा आहे. बहुतेक जण 'कुपारी' हा शब्द पोर्तुगीज 'कोम्पाद्र'वरून आला असं धरतात, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचा धर्मबाप होणारा माणूस नि मुलाचा बाप यांच्यातलं नातं. गोव्याकडे 'कुंपार' ऐकू येतो तोही त्यातलाच, त्यामुळे हे पटण्यासारखं आहे. 'सामवेदी' मात्र वेगळं प्रकरण, वसईत सामवेदी ब्राह्मण आजही आहेत आणि त्यांची नि कुपारींची बोली जवळपास एकच, म्हणून पूर्वज तेच असं समाजात मानलं जातं. पण सगळेच कुपारी ब्राह्मणच होते हे म्हणणं जरा ताणल्यासारखं वाटतं, बोली शेजाऱ्याचीही उचलली जाते. 1887 साली, राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वर्षी, मुंबईकर कॅथलिकांनी गोवेकर-मंगळुरी लोकांपासून वेगळं दिसायला 'ईस्ट इंडियन' नाव घेतलं, ते कुपारींना लावावं की नाही यावरही वाद होतोच.

धर्मांतरं वसई 1534 मध्ये पोर्तुगीजांकडे गेल्यानंतरची, बहुधा सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा त्यातलीच असं सांगतात. समाज मात्र इथेच राहिला.

वसईच्या कॅथलिकांमधलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे संत गोन्सालो गार्सिया (जन्म 1556च्या आसपास). बाप पोर्तुगीज, आई इथली, त्यामुळे त्यांना काटेकोर अर्थाने कुपारी म्हणता येणार नाही, तरी वसईकर त्यांना आपलंच मानतात. जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाचे बंधू (पाद्री नसलेले व्रतस्थ) झाले, मग दुभाषी म्हणून परत जपानला, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रूसावर गेले, 1862 मध्ये संतपद. गंमत म्हणजे दूर ब्राझीलमधल्या रेसिफेत मिश्रवंशीयांनी त्यांना आपला संत मानलं आणि 1745 मध्ये तिथे त्यांच्या कातडीच्या रंगावरच प्रवचन झालं.

अलीकडचे म्हणजे नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942–2024), 'सुवार्ता' या मराठी ख्रिस्ती मासिकाचे संपादक, हरित वसईच्या चळवळीत पुढे, आणि 2020च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. वसई स्वतंत्र धर्मप्रांत (एका बिशपच्या हाताखालचा चर्चचा विभाग) 1998 मध्ये झाला, पहिले बिशप थॉमस डाबरे.