०.८ मिमीचं भोक सगळ्याला चालत नाही

नाशिकच्या सातपूर-अंबडची वर्कशॉपं असोत की कॉलेजचे प्रोजेक्ट, एक समज काही जात नाही: पीसीबीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग सोल्डर करायच्या सर्किट बोर्डावर, ०.८ मिमीचं भोक ठेवलं की कुठल्याही भागाचा पाय बसतो. पाव वॅटचा रेझिस्टर बसतो, हे खरं. पण १एन४००७ डायोडचा पाय ०.८६ मिमीपर्यंत जाड असू शकतो. पिन हेडर, म्हणजे जोडणीसाठीच्या पिनांची रांग, तर फसवाच! पिन ०.६४ मिमीची, पण चौकोनी. मोजायचा तो कर्ण, म्हणजे ०.९१. डेटाशीटमधली (कंपनीच्या माहितीपत्रकातली) पायाची कमाल जाडी घ्या, त्यात ०.२ मिळवा, हेडरला साधारण १.१ येतं, १.० मध्येही भागतं. हे माप प्लेटिंगनंतरचं, म्हणजे भोकाच्या आत तांबं चढवल्यानंतरचं आहे, असं फॅब्रिकेटरला (बोर्ड बनवणाऱ्याला) लिहूनच द्या; नाहीतर तांब्याच्या थराने भोक ०.०५ ते ०.१ मिमीने आवळतं. उगाच मोठंही नको: फट रुंद झाली की सोल्डर वर चढत नाही, आणि पॅडची, म्हणजे भोकाभोवतीच्या तांब्याच्या चकतीची, कडा बारीक उरते.