बाळाचे कार्डिगन
दोन सुयांवर विणलेला, पुढून पूर्ण उघडणारा, बटणांचा लोकरी स्वेटर. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३३ ते ३६ सेंमी. असून तो छातीच्या घेरापेक्षा साधारण २ सेंमी. जास्त भरतो, शिवाय बाळाने मान धरलेली नसते. त्यामुळे डोक्यावरून ओढायच्या स्वेटरपेक्षा, पाठीखाली पसरून एकेक हात बाहीत घालता येणारे कार्डिगन केव्हाही बरे.

क्रिमियातील बॅलक्लाव्हाच्या लढाईत (१८५४) ब्रिटिशांच्या हलक्या घोडदळाच्या तुकडीचे नेतृत्व करणारे कार्डिगनचे सातवे अर्ल जेम्स ब्रूडनेल यांच्याकडे या वस्त्राचे जनकत्व दिले जाते. शेकोटीत कोटाचे सोगे जळाल्याने त्यांना ही कल्पना सुचली, ही कथा बहुधा दंतकथाच असावी. त्यांच्यापासून केवळ नाव आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण पुढून उघडी, विणलेली रेशमी जाकिटे सतराव्या शतकातील आहेत. बाळासाठी विणण्याची प्रथा याहून जुनी. जर्मनीतील हँबर्ग येथील बुक्स्टेहूड वेदिचित्रात, म्हणजे चर्चच्या वेदीवरील चित्रात (सु. १४००–१०, चित्रकार मास्टर बर्ट्राम किंवा त्यांची कर्मशाला), मेरी बालयेशूचा अंगरखा विणताना दिसते. मात्र गळ्याभोवती चार सुया आहेत. म्हणजे वीण गोल व वस्त्र बंद. उघडे वस्त्र सरळ विणायचे, तर ओळ संपताच काम फिरवून परत यावे लागते आणि गुळगुळीत पोतासाठी एक ओळ सुलट, एक उलट घ्यावी लागते. उलट टाका फ्लॉरेन्सच्या डचेस, टोलेडोच्या एलिओनोरा (मृत्यू १५६२) यांच्या पायमोज्यांत आढळतो व तो त्याच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी मानला जातो. तथापि निव्वळ सुलट टाक्यांनीही उघडे वस्त्र विणता येते. म्हणून केवळ उलट टाक्यावरून उघड्या वस्त्राचा काळ ठरवणे योग्य नव्हे.

चार पदरी लोकर व ३.२५ मिमी. सुया घेतल्यास १० सेंमी.मध्ये सुमारे २८ टाके बसतात. त्या हिशेबाने स्वेटरच्या ४५ सेंमी. घेराला १२६ टाके लागतात. पैकी ६३ पाठीचे. हात सैल की घट्ट यावर सारे अवलंबून असल्याने आधी नमुन्याचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मोजावा. काजासाठी लोकर सुईवरून पुढे घेऊन लगेच दोन टाके एकत्र विणतात: भोक पडते, टाक्यांची संख्या तीच राहते, आणि एवढे काज बाळाच्या लहान बटणाला पुरते.

पाठ, पुढचे दोन भाग व बाह्या वेगळ्या विणून जोडतात किंवा गळ्यापासून खाली सलग विणतात. विणकाम-रचनाकार एलिझाबेथ झिमरमन यांच्या १९६८ च्या प्रसिद्ध रचनेत सुलट टाक्यांचा एकच तुकडा घडी घालून फक्त खांद्यांवर शिवला जातो.

मोठ्या जाळीत बाळाची बोटे अडकतात, म्हणून वीण भरीव ठेवावी. सुटलेले बटण बाळाच्या घशात अडकू शकते; ते पक्क्या दोऱ्याने शिवून अधूनमधून ओढून पाहावे. गळ्याला लांब नाडी लावू नये.