हात भाजणाऱ्या चिकापासून नॅनोट्यूबपर्यंत : काजूच्या टरफलातल्या तेलाची पार्श्वभूमी

काजू म्हटलं की गोव्यात बोलणं दोनच गोष्टींवर येतं, उर्राक (काजूफळाची पहिल्या धारेची दारू) निघाली काय आणि यंदा बियांना भाव काय. टरफलाच्या दोन पापुद्र्यांमधे जाळीसारखा थर असतो, त्यात भरलेल्या काळपट चिकट तेलाबद्दल कोणी बोलत नाही, फार तर "हात लावू नको, भाजेल" एवढंच. आणि भाजतंच, लहानपणी चुलीवर बिया भाजताना तोंडाजवळ फोडल्यात त्यांना विचारा, ओठ सुजून आठवडा जातो. पण सॉफ्ट मटेरियल आणि नॅनो केमिस्ट्री असं जे हल्ली ऐकू येतं त्यात हे तेल बऱ्यापैकी मानाच्या जागी बसलंय, आणि ते अचानक झालेलं नाही, मागे पावणेदोनशे वर्षांची गोष्ट आहे.

आधी सॉफ्ट मटेरियल म्हणजे काय ते. रबर, जेल, साबणाचा फेस, रंग, डिंक, म्हणजे धड दगडासारखं घट्ट नाही आणि धड पाण्यासारखं वाहतंही नाही असं सगळं. फ्रान्सच्या पिएर-जिल द जेन यांना १९९१ मधे फिजिक्सचं नोबेल मिळालं तेव्हा त्यांनी भाषणच या विषयावर दिलं, आणि उदाहरण घेतलं ॲमेझॉनच्या जंगलातल्या लोकांचं, जे रबराच्या झाडाचा चीक पायाला फासून त्याचे बूट करायचे. हवेतला ऑक्सिजन चिकाच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधतो म्हणून ते घट्ट होतं, पण तोच ऑक्सिजन पुढे साखळ्या तोडतोही, म्हणून बूट टिकत नाही. अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयरने १८३९ मधे ऑक्सिजनच्या जागी गंधक वापरलं, साधारण दोनशे कार्बनमागे एकाच ठिकाणी गंधकाची गाठ बसते आणि तेवढ्यावर रबर टिकाऊ होतं. द जेनना हेच दाखवायचं होतं, एवढासा केमिकल बदल आणि पदार्थाची सगळी वागणूक वेगळी.

काजूही त्याच ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो इकडे आणला, डोंगराची माती धुपू नये म्हणून लावला असं सांगतात. फळाची फेणी आपल्याकडे झाली (२००९ मधे जीआय, म्हणजे गोव्याचीच म्हणून ओळखीचा शिक्का, पण मिळाला), बी खायला गेली, आणि टरफलाचं तेल राहिलं होड्यांना आणि जळणाला. किनारपट्टीवर लाकडी होडीला हे तेल फासायचे, किडा लागू नये, लाकूड कुजू नये म्हणून. फासणाऱ्यांना केमिस्ट्री ठाऊक नव्हती, पण तेल हवेत सुकून घट्ट थर धरतं हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर पुढची बरीचशी पेटंट याच एका गुणावर उभी आहेत.

लॅबमधे हे तेल पहिल्यांदा नीट तपासलं ते जर्मन केमिस्ट श्टेडेलर यांनी, १८४७ मधे. त्यातून ॲनाकार्डिक ॲसिड आणि कार्डोल वेगळं केलं. आज आपल्याला माहीत आहे की थंड दाबून काढलेल्या तेलात सर्वात जास्त ॲनाकार्डिक ॲसिडच असतं, पण फॅक्टरीत बिया तापलेल्या तेलात सोडतात (ते तेलही टरफलाचंच, साधारण १९० डिग्री) तेव्हा त्या ॲसिडमधून कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे राहतं कार्डानॉल. धंदा चालतो तो मुख्यतः या कार्डानॉलवर.

कार्डानॉलचा रेणू कसा आहे ते कळलं की बाकी सगळं कळतं. एका टोकाला फिनॉलचं कडं, म्हणजे पाण्याशी थोडंफार जमवून घेणारं डोकं, आणि त्याला १५ कार्बनची लांब तेलकट शेपटी. त्या शेपटीत दुहेरी बंध (दोन कार्बनमधे एकाऐवजी दोन जोड) कधी एक, कधी दोन, कधी तीन, कधी एकही नाही, म्हणजे तेलात चार प्रकारचे रेणू एकत्र नांदतात. हात भाजण्यामागेही असलीच बांधणी, टरफलातल्या या कुटुंबातल्या रेणूंची तेलकट शेपटी कातडीच्या वरच्या थरात घुसते आणि मग शरीर ॲलर्जीने उसळतं. बिब्बा, आंब्याच्या देठाचा चीक, जपानी लाखेचं झाड, सगळी एकाच कुळातली. जपानी लाखेतल्या उरुशिऑलची रचना रिको माजिमा यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडली, ती कार्डानॉलच्या इतकी जवळची आहे की चुलत भावंडंच म्हणा. धोबी कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करायचे त्या जात नसत, तेही याच घराण्यातलं.

मधल्या काळात दुसरीकडे एक गोष्ट घडत होती जिचा काजूशी काही संबंध नव्हता. १७७४ मधे बेंजामिन फ्रँकलिन यांनी लिहून ठेवलं की लंडनच्या क्लॅपहॅम भागातल्या तळ्यावर चमचाभर तेल टाकलं तर अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं. थर किती पातळ याचा हिशोब त्यांनी केला नाही, केला असता तर नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या, आसपासच पोचले असते. तो हिशोब झाला शंभरेक वर्षांनी, आणि त्यातलं माझं सगळ्यात आवडतं नाव आग्नेस पॉकेल्स. जर्मनीत ब्राउनश्वाइगला घर सांभाळणारी बाई, युनिव्हर्सिटीत जायची सोय नव्हती, तर घरीच पत्र्याच्या ट्रेमधे पाणी भरून वर पट्टी सरकवत तिने पृष्ठभागावरच्या तेलकट थराचा दाब मोजला. १८९१ मधे इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांनी तिचं पत्र 'नेचर'मधे छापून आणलं. पुढे अमेरिकन केमिस्ट लँगम्यूर यांनी तसलीच ट्रे सुधारून वापरली आणि १९३२ चं नोबेल घेतलं. डोकं पाण्याकडे, शेपटी हवेकडे, असे रेणू आपणहून रांगेत उभे राहतात हे इथून पक्कं झालं.

तोवर काजूचं तेल मात्र वेगळ्या वाटेने गेलं. १९०७ मधे बेकलंड यांनी फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र करून बेकलाइट नावाचं प्लास्टिक केलं, कडक पण ठिसूळ. १९२० च्या दशकापासून अमेरिकेत मॉर्टिमर हार्वी यांनी काजूच्या तेलावर पेटंटांची रांग लावली. कार्डानॉलसुद्धा फिनॉलच असल्यामुळे तशीच राळ (रेझिन) होते, पण शेपटीमुळे ती ठिसूळ न होता थोडी रबरासारखी राहते. ती सुकवून दळली की होते फ्रिक्शन डस्ट, गाडीच्या ब्रेक लायनिंगमधे घालतात, त्याने ब्रेक उष्णता सोसतो आणि किंचाळतो कमी. घाटात ब्रेक दाबताना काजू आठवत नाही कोणाला, पण असतो तिथे. दुसऱ्या महायुद्धात तर या तेलाच्या वापरावर अमेरिकन सरकारने नियंत्रण आणलं होतं, एवढं ते कामाचं ठरलं.

जहाजांच्या रंगात त्याच शेपटीचा आणखी एक उपयोग. कार्डानॉलपासून फेनाल्कामाइन नावाचं हार्डनर (रंगात मिसळून तो घट्ट करणारं केमिकल) करतात, त्याने इपॉक्सी रंग थंडीत आणि ओलसर पृष्ठभागावरही सुकतो, कारण तेलकट शेपटी पाण्याला जवळ येऊ देत नाही. म्हणजे ज्या कामासाठी आमचे लोक होडीला टरफलाचं तेल फासायचे तेच काम, फक्त डब्यातून.

काजूच्या तेलाची वाट आणि आपणहून रांग लावणाऱ्या रेणूंची वाट, दोन्ही जुळल्या त्या अगदी अलीकडे. तिरुवनंतपुरमच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या लॅबमधे सी. के. एस. पिल्लई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्डानॉलपासून पॉलिमर (लांब साखळ्यांचे पदार्थ) करण्यावर खूप वर्षं काम केलं. तिथूनच पुढे आलेले जॉर्ज जॉन जपानला तोशिमी शिमिझू यांच्या ग्रुपमधे गेले, आणि २००१ मधे त्यांनी दाखवलं की कार्डानॉलच्या डोक्याला ग्लुकोज जोडलं, पाण्यात उकळलं आणि हळू थंड होऊ दिलं की रेणू आपसात बिलगून आधी पिळलेले धागे होतात आणि मग त्यातून उघड्या तोंडाच्या नळ्या, आतली पोकळी १०-१५ नॅनोमीटर. ना साचा ना मशीन. आणि गंमत म्हणजे शेपटीतल्या दुहेरी बंधांवर ठरतं काय होणार ते, एकही बंध नसेल तर नुसता पीळ, एक असेल तर नळी.

जॉन पुढे न्यू यॉर्कच्या सिटी कॉलेजला गेले, आणि २००८ मधे ह्यूस्टनच्या राइस युनिव्हर्सिटीबरोबर त्यांच्या ग्रुपने वनस्पती तेलाच्या घरगुती रंगातच चांदीचे नॅनोकण तयार केले. रंग सुकताना तेल ऑक्सिजन घेतं, त्या वेळी जे फ्री रॅडिकल (अर्धवट, लगेच दुसऱ्याशी भिडणारे रेणू) तयार होतात तेच चांदीच्या क्षाराचे कण करतात, वेगळं केमिकल घालावं लागत नाही. भिंतीवरचा असा रंग जिवाणू मारतो. हे काजूचं तेल नव्हे, पण सुकण्याची केमिस्ट्री होडीवर फासलेल्या तेलाचीच.

एक अडचण मात्र तशीच आहे. नळ्यांचं काम जमतं ते कुठल्या शेपटीचे रेणू किती यावर, आणि टरफलातलं मिश्रण चार प्रकारांचं, ते वेगळं करायला खर्च येतो. शिवाय इथल्या फॅक्टऱ्यांत आफ्रिकेतून आलेली बीही फोडली जाते, तेव्हा टरफलं सगळी गोव्याचीच असं म्हणता येत नाही. ब्रेकच्या पावडरीला असल्या फरकाने काही अडत नाही, म्हणून तेल अजून मुख्यतः तिकडेच जातं, आणि तेल काढून उरलेला चोथा बॉयलरमधे.