डाळ, बीअर आणि एकच रकाना : मराठवाड्यातील खाद्य-पेय उद्योगाची पार्श्वभूमी

२०१६ च्या एप्रिलमध्ये मराठवाड्यात तीन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिली खेप १२ एप्रिलची होती, दहा वाघिणींची, सुमारे ५ लाख लिटर पाण्याची. त्याच लातूरच्या डाळ मिलच्या पटांगणांत तूर नेहमीसारखी उन्हात पसरलेली होती, कारण डाळीला पाणी थोडे लागते आणि ऊन भरपूर. आणि तिकडे औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) वाळूज-चिकलठाणा औद्योगिक वसाहतींतल्या बीअर कारखान्यांचे पाणी किती तोडायचे, यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठासमोर युक्तिवाद रंगले होते.

डाळ मिल आणि बीअरचा कारखाना हे दोन्ही ‘खाद्य व पेय उद्योग’ या एकाच नावाखाली येतात. या उद्योगात देशात वाढ किती, मराठवाड्यात गुंतवणुकीला वाव किती, अशी चर्चा आता पुन्हा जोरात आहे. अन्नप्रक्रियेत शंभर टक्के थेट परकीय गुंतवणुकीची मुभा आहे, केंद्राने २०२१ मध्ये उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनासाठी १०,९०० कोटी रुपये ठेवले, हे सगळे खरे आहे. पण हा एकच रकाना मराठवाड्यात कसा भरला गेला ते पाहिल्याशिवाय या आकड्यांचा इथल्या माणसाला उपयोग नाही. ऊस आणि साखर कारखान्यांची कथा वाचकांना पाठ आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही.

निजामी काळात हा सगळा प्रदेश कच्चा माल बाहेर पाठवणारा होता. हद्दीवर करोडगिरीची नाकी होती, माल आत येताना आणि बाहेर जाताना जकात द्यावी लागे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत आली आणि लातूरची पेठ तिच्या जोरावर वाढली. शेंगदाणा, करडी, तूर, कापूस असा माल तिथून निघे. आज डाळीच्या बाजारात लातूरची ज्या कलबुर्गीशी स्पर्धा आहे, ते गावही त्याच राज्यात होते. परभणीला १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ आले आणि पुढच्या चार-पाच वर्षांत तिथे अन्नतंत्र शिकवणारे महाविद्यालयही सुरू झाले. देशात असे शिक्षण देणाऱ्या संस्था तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. शिकवण्याची सोय घरात होती, कारखाने मात्र नव्हते, ही खंत परभणीत आजही ऐकायला मिळते.

कारखाने मोठे का झाले नाहीत, याचे एक कारण फारसे बोलले जात नाही. लोणची-चटण्या, पाव, घाण्याचे शेंगदाणा तेल हे पदार्थ कायद्याने लघुउद्योगांसाठी राखीव होते, आणि ही राखीव यादी पूर्णपणे संपली ती थेट एप्रिल २०१५ मध्ये. लहान उद्योजकाला संरक्षण मिळाले हे बरोबरच होते. पण ज्याला वाढायचे होते त्यालाही त्या मर्यादेतच राहावे लागले. मराठवाड्यातली तेलघाणी बंद पडत गेली, तेव्हा त्यांच्या जागी मोठे काही उभे राहिले नाही. ते उभे राहिले सोयाबीन आल्यावर, आणि तेही सॉल्व्हंट प्लांटच्या, म्हणजे रसायनाने तेल काढून पेंड वेगळी करणाऱ्या कारखान्यांच्या रूपात.

डाळ मात्र टिकली, आणि ती का टिकली हे मिलमध्ये उभे राहिल्यावर कळते. तूर आधी चाळणीतून जाते. मग एमरी रोलवर, म्हणजे खरखरीत दगडी रुळावर, तिच्या सालीला चरे पाडतात, म्हणजे तेल आत मुरते. तेलाचा हात लावलेला माल रात्रभर ढिगात दडपून ठेवायचा, सकाळी पटांगणात पसरायचा, पायाने आणि फावड्याने पाळी देत राहायचे, संध्याकाळी पाण्याचा हबका मारून पुन्हा ढीग. असे काही दिवस चालते, तेव्हा साल सुटते आणि दाणा न फुटता दोन फाकांत उघडतो. शंभर किलो तुरीला सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ पडते. राहिलेली चुनी आणि टरफल जनावरांच्या खाद्यात जाते. उत्तम प्रतीच्या डाळीला बाजारात ‘फटका’ म्हणतात. नवी तूर जानेवारीपासून येऊ लागते आणि मराठवाड्याचे ऊन मार्चपासून तापते, हा मेळ इतका पक्का आहे की ऊन हेच या धंद्याचे निम्मे भांडवल म्हणावे. आता ड्रायर आले, रंग पाहून दाणा वेगळा काढणारी सॉर्टेक्स यंत्रे आली. तरी मूळ गणित तेच आहे : माल जवळचा, पाणी कमी, उरलेल्यालाही गिऱ्हाईक.

या धंद्याला धक्के बसले ते धोरणाचे. ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली, साठ्यावर मर्यादा आल्या, गोदामांवर छापे पडले. पुढच्याच हंगामात पेरा वाढला, पाऊस चांगला झाला आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये खरेदी केंद्रांबाहेर तुरीच्या गाड्यांच्या रांगा लागल्या. भाव क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली होता. मग आयातीवर बंधने आली, २०२१ मध्ये ती पुन्हा उठली. दोन हंगामांपुढचे सांगता येत नसेल, तर मिलवाला नव्या यंत्रात पैसे कशाच्या भरवशावर घालणार?

आता त्या रकान्याकडे. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात २००४ पर्यंत खाद्यपदार्थ आणि पेये मिळून एकच विभाग होता. २००८ च्या आवृत्तीत ते दोन झाले, खाद्याला १० क्रमांक आणि पेयांना ११. कागदावर वेगळे झाले, पण भाषणांत, प्रस्तावांत आणि जिल्ह्याच्या गुंतवणुकीच्या बेरजेत जोडी कायम राहिली. या जोडीचा खरा घोळ पेयांच्या बाजूने आहे. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले आणि वाइन ही फळप्रक्रिया ठरली. २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या प्रकल्पांना लिटरमागे १० रुपयांचे प्रोत्साहन जाहीर झाले, तेव्हा तीही शेतमाल प्रक्रियाच ठरली. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी कोणी घेत नाही, तिला भाव मिळेल, असे सांगितले गेले. मराठवाड्यात आणि विदर्भात यावर मोठा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. ज्या भागात ज्वारीची भाकरी हे रोजचे जेवण आहे, तिथे ज्वारीची दारू हे मूल्यवर्धन कसे, हा प्रश्न गावोगावच्या बायकांनी विचारला. पुढे नव्या प्रकल्पांना हे प्रोत्साहन देणे थांबले. पण ‘प्रक्रिया’ हा शब्द तेव्हापासून जो सैल झाला, तो सैलच राहिला.

बीअरचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे, कारण बीअरसाठी मराठवाड्याचे धान्यही लागत नाही. माल्टचे जव राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशाकडचे. बीअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुले तर बाहेरून येतात. इथले घ्यायचे ते पाणी, जमीन आणि कामगार. कारखाने इथे आले ते जायकवाडीमुळे. १९७६ मध्ये धरण पूर्ण झाले, औद्योगिक वसाहतींना नळाने खात्रीचे पाणी मिळू लागले आणि मुंबई-पुण्याच्या बाजारापर्यंत रस्ता होता. एक लिटर बीअरला साधारण चार ते सहा लिटर पाणी लागते.

राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पाण्याचा क्रम पिण्यासाठी, मग उद्योगासाठी, मग शेतीसाठी असा होता. शेती तिसरी. २०११ मध्ये हा क्रम बदलला आणि शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. २०१६ चा वाद या दोन तारखांच्या सावलीत झाला. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, उपयुक्त साठा संपला होता, तळाच्या मृतसाठ्यातून उपसा चालू होता. खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांचे पाणी आधी ५० टक्के आणि १० मेपासून ६० टक्के कमी करायला सांगितले. इतर उद्योगांना कपात कमी, २० आणि नंतर २५ टक्के. ही मुदत २७ जूनपर्यंतची होती.

उद्योगांची बाजू पोकळ नव्हती. जायकवाडीचे पात्र पसरट आणि उथळ आहे. उन्हाळ्यात रोज वाफ होऊन उडणारे पाणी औद्योगिक वसाहतींच्या रोजच्या उचलीपेक्षा कितीतरी पट जास्त असते. सगळे कारखाने बंद केले तरी लातूरला किंवा बीडच्या वाडीला त्याचा एक टँकर मिळणार नव्हता, कारण पाणी न्यायची वाहिनीच नव्हती. कामगारांचा रोजगार आणि राज्याचे उत्पादन शुल्क हेही मुद्दे होते. आणि धरणाच्या भोवती उसाला जाणारे पाणी बीअरच्या कितीतरी पुढे होते, हे तर कोणीच नाकारत नव्हते.

तरीही मला तो निर्णय योग्य वाटतो, आणि त्याचे कारण लिटरच्या हिशेबात नाही. घागर घेऊन तासन्‌तास रांगेत उभ्या असलेल्या बाईला कोणता उद्योग आधी आणि कोणता नंतर, याचे उत्तर सरकारने तोपर्यंत दिलेच नव्हते. ‘उद्योग’ म्हणजे सगळे उद्योग, असेच चालत आले होते. त्या आदेशाने पहिल्यांदा एका रकान्यात दोन ओळी पाडल्या : मद्य वेगळे, बाकीचे वेगळे. जूनमध्ये पाऊस आला, कपातीची मुदत संपली आणि ती विभागणीही त्याबरोबरच विसरली गेली. गुंतवणुकीच्या धोरणात ती कुठेच उतरली नाही. पाण्याच्या प्रत्येक हजार लिटरमागे इथला किती शेतमाल खरेदी होतो, हा साधा निकष कोणत्याही अनुदानाच्या अर्जात आला नाही.

त्यानंतरची वर्षे योजनांची. २००८ पासून केंद्राची मेगा फूड पार्कची योजना होती, किमान ५० एकर जागा आणि ५० कोटींपर्यंत अनुदान. मध्यभागी मुख्य केंद्र, भोवती गावोगावी संकलन आणि प्राथमिक प्रक्रिया, अशी तिची रचना. पैठण तालुक्यातले पार्क २०१८ च्या अखेरीस सुरू झाले आणि २०२१ मध्ये योजनाच बंद झाली. रचना चांगली होती. पण मोसंबी, मका, डाळिंब गावातून गोळा करून आणणारी साखळी दोन-तीन वर्षांत उभी राहत नाही. २०२० ची सूक्ष्म उद्योगांची योजना मला जास्त कामाची वाटते. ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये असे कर्जाशी जोडलेले अनुदान तीत आहे. भूम-वाशीकडच्या खव्याच्या भट्टीला, हळद पॉलिश करणाऱ्या वसमतच्या युनिटला, शेवया-पापड करणाऱ्या बचत गटाला ते पेलते. अडचण येते ती बँकेच्या टेबलावर. अनुदान मंजूर असले तरी कर्जाला तारण मागितले जाते आणि भट्टी बहुधा दुसऱ्याच्या नावच्या जागेवर असते.

भौगोलिक मानांकनांचाही, म्हणजे मालाला त्याच्या गावाच्या नावाची कायदेशीर ओळख देणाऱ्या नोंदींचाही, याच काळात पाऊस पडला. जालन्याची मोसंबी, बीडचे सीताफळ, मराठवाड्याचा केशर आंबा यांना ते आधीच मिळाले होते. २०२४ मध्ये बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच, कास्तीची कोथिंबीर, जालन्याची दगडी ज्वारी, वसमतची हळद, कुंथलगिरीचा खवा अशी यादी झाली. आपल्या गावाचे नाव मालावर यावे याचा आनंद मोठा आहे. पण लातूरची डाळ आजही बहुतेक कट्ट्यांत भरून जाते, दुसऱ्या शहरात पुड्यांत भरली जाते आणि पुड्यावर नाव त्या भरणाऱ्याचे असते. मानांकनाचा पैसा त्या पुड्यावर आहे.

सोयाबीनचे काय झाले, हे लातूरच्या सौद्यात रोज दिसते. दाण्यात तेल १८ ते २० टक्के, बाकी बहुतेक पेंड, त्यामुळे भाव तेलापेक्षा पेंडीवर हलतो. ऑगस्ट २०२१ मध्ये दर क्विंटलला १० हजारांच्या आसपास गेला, त्याच महिन्यात १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंड आयात करायला परवानगी मिळाली आणि डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, सरकारने बंद केले. ती बंदी नंतर पुन्हा पुन्हा वाढवली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे प्रभावी शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेले, मे २०२५ अखेर ते साडेसोळावर आणले. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात सोयाबीन चार-सव्वाचार हजारांना जात होते.

तेलावरचे शुल्क वाढूनही भाव का उठला नाही, याचे उत्तर त्या जुन्या रकान्यातच आहे. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने खराब धान्यापासून इथेनॉलला वाट करून दिली आणि २०२३-२४ पासून मका त्यात मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला. सिल्लोड, कन्नड, फुलंब्रीच्या मक्याला गिऱ्हाईक वाढले, शेतकऱ्याला त्याचा फायदाही झाला. पण मद्यार्क काढल्यावर जो चोथा उरतो, ज्याला डीडीजीएस म्हणतात, तो कोंबडीखाद्यात सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडतो. खाद्यवाल्यांनी पेंड कमी करून तो घालायला सुरुवात केली. लातूरच्या प्लांटची पेंड गोदामात पडून राहिली, प्लांटने सोयाबीन खरेदीचा हात आखडता घेतला आणि औसा-निलंग्याच्या शेतकऱ्याने घरात थप्पी लावून ठेवलेल्या पोत्यांचा भाव मक्याच्या डिस्टिलरीत ठरू लागला.