हेअर ट्रान्सप्लांट झालं, आता डोकं सांभाळा

ऑपरेशन आमचं काम होतं, ते झालं. पुढचे १० दिवस तुमचे. बसवलेल्या ग्राफ्टला, म्हणजे मुळासकट लावलेल्या केसाला, टाका नसतो की गोंद नसतो, बारीकशा छेदात तो नुसता बसलेला असतो आणि पक्का धरायला साधारण ९-१० दिवस घेतो. म्हणून आज घरी गेलात की आधी नखं कापा. खाज येणारच, आणि झोपेत हात आपोआप डोक्याकडे जातो, सगळ्यांचाच जातो.

पहिले दोन-तीन दिवस जागे असताना दिलेला सलाइनचा स्प्रे लांबून मारत राहायचा. झोपताना दोन-तीन उशा लावून डोकं वर ठेवा, प्रवासात गळ्याभोवती घालतात ती उशी असेल तर अजून बरं, म्हणजे कूस बदलली तरी पुढचा भाग घासत नाही. कपडे बटणांचेच, डोक्यातून काढायचा टी-शर्ट नको. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळ सुजतं आणि सूज उतरून डोळ्यांपर्यंत येते, आरशात बघून धस्स होतं पण दोन-तीन दिवसांत ओसरते.

डोकं कधी धुवायचं ते तुमच्या कार्डावर लिहिलंय, बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून. बेबी शाम्पू तळहातावर घ्या, मगभर कोमट पाण्यात फेस करा आणि तो फेस नुसता डोक्यावर ठेवा, चोळू नका. मग मगाने हळू पाणी सोडा, शॉवरची धार बिलकुल नको. घोडबंदर रोडवर ज्यांच्या सोसायटीत टँकर येतो त्यांनी हे १० दिवस फिल्टरचं पाणी वापरा, दोन मग तर लागतात. टॉवेलने पुसायचं नाही, टेकवायचा फक्त, तोही मागच्या बाजूला. सातव्या-आठव्या दिवसापासून खपल्या सुटायला लागतात आणि खपलीसोबत बारीक केसही येतो, लोक तो केस चिमटीत धरून फोटो पाठवतात, सर ग्राफ्ट गेला! गेला नाही, केस गेला, मूळ आत आहे. पण सुटली नसेल ती खपली ओढून काढलीत तर मात्र आम्ही काही करू शकत नाही.

ऑफिस बैठं असेल तर चार-पाच दिवसांत जाता येईल, अडचण ट्रेनची आहे. ठाण्याहून सकाळची फास्ट पकडलीत तर रॅकवर ठेवायच्या बॅगा तुमच्या डोक्यावरूनच पास होणार, एक बकल लागलं की रक्त. जमलं तर दोन आठवडे वर्क फ्रॉम होम मागा, नाहीतर उशिराची स्लो. हेल्मेट दोन आठवडे तरी नाही, आणि हेल्मेट नाही म्हणजे बाईक पण नाही, ते सोडून बाईक चालवायची असा अर्थ काढू नका प्लीज. जिम तीन आठवड्यांनी, स्विमिंग महिन्यानंतर. सिगारेटने टाळूचा रक्तपुरवठा कमी होतो, ग्राफ्ट जगतो त्यावरच, तेव्हा निदान महिनाभर बंद. दारू आठवडाभर नको. आई खोबरेल तेल घेऊन मागे लागेल, कांद्याचा रस कुणीतरी सुचवेलच, दोन्हीला नाही म्हणा, आमचं नाव सांगा.

आता खरी परीक्षा. दुसऱ्या आठवड्यापासून दुसऱ्या महिन्यापर्यंत लावलेले केस गळतात, बहुतेक सगळेच. याला शॉक लॉस म्हणतात, मूळ विश्रांतीत जातं. डोकं पहिल्यासारखं दिसायला लागतं, कधी पहिल्यापेक्षा विरळ, आणि याच काळात सगळ्यात जास्त रागावलेले फोन येतात. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात यायला लागतात, आधी बारीक, कधी वाकडेतिकडे, मधेच छोटे पुरळही येतात, फोडू नका. पूर्ण रिझल्ट बघायचा तो वर्षाने, टाळूच्या मागच्या भोवऱ्याला अजून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणूनच लग्न ठरलेल्या मुलांना आम्ही तारीख विचारतो. दोन महिन्यांवर लग्न असेल तर आधी बोहल्यावर चढा, मग या, फेटा काढल्यावर फोटोत चकाकेल ते आम्हाला चालेल.

मिनॉक्सिडिल (केस वाढायचं लावायचं औषध) परत कधी लावायचं ते विचारून. बीपीच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या मनाने बंद-चालू करायच्या नाहीत, दुखलं तरी दिलेलीच गोळी घ्या, घरातली ॲस्पिरिन नको. डोक्याच्या मागून, जिथून केस काढले तिथून, रक्त आलं तर स्वच्छ गॉज १० मिनिटं दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. तरी थांबलं नाही, ताप आला, पू किंवा वास आला, दुखणं वाढतच गेलं, कातडी काळी पडायला लागली, तर व्हॉट्सॲपवर फोटो टाकून वाट बघत बसू नका, फोन करा, रविवार असला तरी. नंबर कार्डाच्या मागे आहे.